व्हीआरमध्ये दिसणारा ग्रह कितपत खरा?

मेहकरची_बाई
नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला विज्ञान-भूगोल शिकवते. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट भेट दिलाय. त्यात मंगळावर फिरवून आणणारं अ‍ॅप आहे, शिवाय नासाने केलेली केप्लर-१८६ एफ वगैरे परग्रहांची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, ३६० अंशांतली दृश्यं. पोरं जाम खूश. पण आठवीतल्या एकीने हेडसेट काढता काढता विचारलं, "बाई, तिथे कॅमेरा कुणी नेला?" मंगळावर रोव्हर गेलेत, असं मंगळाचं उत्तर देऊन टाकलं. परग्रहांचं काय सांगू? सगळं काल्पनिक असेल तर विज्ञानाच्या तासाला दाखवावं का?

ड्रोनवाला
बाई, त्या मुलीला पहिल्या बाकावर बसवा!
माझं पोट ड्रोन सर्वेक्षणावर चालतं, म्हणून मंगळापुरतं बोलतो. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या खांबावर दिशा बघायचे कॅमेरे जोडीने बसवलेत, दोघांत साधारण ४२ सेंटिमीटर अंतर. एकच दगड दोन्ही फोटोंत किंचित सरकलेला दिसतो, त्या सरकण्यावरून त्याचं अंतर निघतं. असे असंख्य बिंदू जोडून जमीन उभी करायची आणि वर तेच फोटो चिकटवायचे. आम्ही वाळूचे ढीग मोजतो ते याच हिशेबाने. लांबचा भाग मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या फोटोंवरून भरता येतो.
एक करून बघा. एखाद्या मोठ्या दगडाला वळसा घालून मागे जा. तिथे बहुतेक भोक असेल, नाहीतर फोटो रबरासारखा ताणलेला. रोव्हरने ती बाजू पाहिलेलीच नसते. मला ती जागा फार आवडते, मोजमाप कुठे संपलं ते कळतं.
नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ 'ऑनसाइट' नावाच्या प्रणालीत होलोलेन्स हा डोळ्यांवरचा हेडसेट लावून असेच क्युरिऑसिटी जिथे उतरली त्या गेल विवरात 'उभे' राहायचे. सपाट फोटोपेक्षा त्यात अंतराचा अंदाज दुपटीहून चांगला येतो, असं त्यांच्या चाचणीत दिसलं. तेव्हा खेळणं समजू नका.
रंगांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. दगड ओळखता यावेत म्हणून बरेच फोटो पृथ्वीवरच्या उजेडात दिसतील तसे करून घेतात.

गच्चीवरची_दुर्बीण
आता परग्रह. उदाहरणाला ट्रॅपिस्ट-१ हा तारा घेऊ. ४० प्रकाशवर्षं लांब, सात ग्रह, सातांची घोषणा २०१७ची. एकाच्याही जमिनीचा फोटो नाही, कुठल्याच दुर्बिणीकडे नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना उजेड किती कमी होतो यावरून त्याचा आकार, किती दिवसांनी पुन्हा कमी होतो यावरून वर्ष. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे वेळापत्रक थोडं मागेपुढे होतं, त्यावरून वस्तुमान. बस, एवढंच भांडवल.
पण तेवढ्यावरही बरंच निघतं. त्यातल्या ई नावाच्या ग्रहावरून तो तांबडा तारा आपल्या सूर्याच्या साधारण चौपट रुंद दिसेल आणि शेजारचा ग्रह कधीकधी चंद्राहून मोठा. ही गणितं पक्की. धुकं, पाणी, खडक ही चित्रकाराची मर्जी. केप्लर-१६ बीच्या नासाच्या पोस्टरवर दोन सूर्यांखाली माणूस उभा दाखवलाय. सूर्य दोन हे खरं, पण ग्रह शनीच्या जातीचा, उभं राहायला जमीनच नसावी! ग्रह वायूचा असू शकतो, हे नासाने स्वतःच सांगितलंय.
माझं मत विचाराल तर दाखवाच. फक्त फळ्यावर 'मोजलेलं' आणि 'रंगवलेलं' असे दोन रकाने करा आणि भरायला पोरांनाच लावा. ट्रॅपिस्टच्या बी ग्रहाची उष्णता वेब या अवकाश दुर्बिणीने मोजली, वातावरण जवळपास नसावं असं २०२३ मध्ये कळलं. म्हणजे रकाने बदलतात, तेही दिसू दे.

खारपाणपट्टा
मेहकरला राहून मंगळ काय शोधताय, लोणार शेजारीच आहे की! बेसॉल्ट या लाव्हाच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. व्यास साधारण १.८ किलोमीटर, गेलचा १५४. आधी लोणारच्या काठावर उभं करा, मग हेडसेट चढवा. गेलची कड डोंगररांगेसारखी का दिसते ते न सांगता कळेल.

मेहकरची_बाई
सर्वांचे आभार. रकान्यांची कल्पना उचलते. लोणारची सहल दरवर्षी जातेच, यंदा हेडसेटचा तास तिच्यानंतर ठेवते. आता खरी अडचण: हेडसेट एक, पोरं चाळीस, आणि दोघींना गरगरलं.

ड्रोनवाला
गरगरणाऱ्यांना फिरत्या खुर्चीवर बसवा आणि चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायची सेटिंग लावा. बाकीच्यांसाठी चित्र टीव्हीवर कास्ट करा, हेडसेट आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. शाळेचं नेट रडत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट. आणि वयाची अट खोक्यावर असते, सातवीला लावण्याआधी वाचून घ्या.