हौद्यात कॅमेरेवाले: कुस्ती बघायची का त्यांच्या पाठी?

मातीवाला: काल एका फोटोग्राफरची पोस्ट वाचली, "चांगला फोटो पाहिजे तर कुस्तीच्या मातीत, हौद्यात उतरावंच लागतं, प्रेक्षकांनी दोन मिनिटं कळ काढावी." डोकंच फिरलं. आमच्या जत्रेत म्हातारी माणसं दुपारपासून उन्हात बसलेली, एक नंबरची कुस्ती लागली, घिस्सा डाव बसला आणि नेमक्या त्याच वेळी पुढं पाच पाठी उभ्या. निकाल लागला ते हलगी वाढली म्हणून कळलं. आणि बूट! हळद, ताक, तेल, लिंबू घालून पोरं माती खणतात, पैलवान पाया पडून उतरतो आणि हे बुटासकट.

सातारी क्लिक: बुटाचं मान्य. पण वरनं काढलं की नुसती डोकी न् पाठी येतात, पैलवान वाकलेला असतो, तोंड दिसायला कॅमेरा मातीलगतच पाहिजे. मोठी कुस्ती लागते दिवस मावळताना, शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा कमी झाला की हात पुसट. लांबची लेन्स परवडत नाही म्हणून जवळ जातो, हौस म्हणून नाही.

मातीवाला: मातीलगत म्हणताय तर बसा ना, उभं कशाला राहता? 1912 ला कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान सुरू झालं, तिथं मधी हौदा न् भोवती चढती बैठक कशासाठी? पार मागच्याला पण कुस्ती दिसावी म्हणून.

वस्तादांचा पोरगा: फोटो असला की भांडण मिटतं हे पण बघा. 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली का नाही यावरनं केवढा राडा झाला.

मातीवाला: मिटतं कसलं! वरनं काढला तर खांदा चार बोटं वर असला तरी टेकल्यासारखा दिसतो. माझ्या भावाला असल्याच एका फोटोवरनं गावानं पडला म्हणून ठरवलं, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली असताना. दोन वर्षं ऐकून घेतलं त्यानं.

पोरीचा बाप: तुमचं पाठी न् बूट चालू द्या. माझी पोरगी सोळा वर्षांची, तिच्या कुस्तीचा डाव अर्धवट असतानाचा फोटो कुणीतरी झूम करून टाकला, खाली काय काय लिहिलं होतं ते इथं लिहवत नाही. महिनाभर ती तालमीत गेली नाही. विचारलं होतं का कुणी तिला?

सातारी क्लिक: दादा, वाईट वाटलं. पण मैदान जाहीर असतं, प्रत्येकाला विचारत बसलो तर डाव संपतो. आणि 2023 ला सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तिचे फोटो बघूनच आमच्या गावातल्या चार पोरी तालमीत आल्या.

पोरीचा बाप: जाहीर कुस्ती आहे, पोरगी नाही! गदा घेतलेला फोटो वेगळा न् पट काढताना, म्हणजे पाय धरायला वाकल्यावर मागनं घेतलेला वेगळा, हे तुम्हाला कळत नाही असं सांगू नका.

वस्तादांचा पोरगा: मग काय पोरींचे फोटो बंदच करायचे? पोरांचेच छापून येणार पुन्हा.

पोरीचा बाप: बंद करा असं कुठं म्हणलो? घरात तिचा एक फोटो लावलाय, शड्डू ठोकतानाचा. त्या माणसानं कुस्ती झाल्यावर तिला स्क्रीनवर दाखवला, हा टाकू का विचारलं. अर्धं मिनिट लागलं.

सातारी क्लिक: ...बरं. काढताना विचारणं होणार नाही, टाकायच्या आधी विचारता येतं, एवढं खरं. माझ्या पेजवर पोरींचे दोन-तीन तसले आहेत, आज काढतो.

मातीवाला: आणि बसायचं?

सातारी क्लिक: बसतो. अनवाणी. पण पंचांच्या मागं जागा आखून द्या म्हणून कमिटीला तुम्ही सांगायचं.

मातीवाला: सांगतो. उठलात तर मागनं ओरडणार मात्र.