चाळिशीत काउंटर-स्ट्राइक नकोसा का वाटू लागतो?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली वीस-पंचवीस वर्षे व्हिडिओ गेम्स खेळत आलेल्या सभासदांकडून मला एका गोष्टीचा उलगडा हवा आहे.

माझे वय एक्केचाळीस आहे. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना आमच्या वसतिगृहात आणि जवळच्या सायबर कॅफेत लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर, मुख्यतः दोनच खेळ चालत, काउंटर-स्ट्राइक १.६ हा दोन संघांमधला गोळीबाराचा खेळ आणि एज ऑफ एम्पायर्स २ हा गाव वसवून सैन्य उभारण्याचा खेळ. व्हाइस सिटी होता, शेवटच्या वर्षी क्रिकेट ०७ आला, परंतु ते ज्याने त्याने आपापल्या खोलीत खेळायचे. सगळे जमले की काउंटर-स्ट्राइकच लागत असे, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही त्यात खंड पडत नसे.

२०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ विनामूल्य उपलब्ध झाला तेव्हा मी तो उत्साहाने उतरवून घेतला. डस्ट २ हा नकाशा अजूनही आहे, त्याचे कोपरे मला अजूनही पाठ आहेत आणि काही मॅचेस मी जिंकलोही. तरीही पुन्हा तो सुरू करावा असे मला वाटत नाही. हरल्यामुळे मन उडाले असते तर ते मी समजू शकलो असतो. येथे जिंकूनही काही वाटत नाही, हे मला कोड्यात टाकते. दुसरीकडे सिव्हिलायझेशन ६ किंवा स्ले द स्पायर यांसारख्या, आपली चाल विचार करून सावकाश खेळता येणाऱ्या खेळांपुढे मी रात्री उशिरापर्यंत बसतो. वयाच्या विसाव्या वर्षी असे खेळ मी दहा मिनिटांत बंद केले असते.

एज ऑफ एम्पायर्स २ मात्र दोन्ही काळांत माझ्याबरोबर राहिला आहे, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच आहे. पूर्वी मी तो केवळ मित्रांवर लवकरात लवकर हल्ला चढवण्यासाठी खेळत असे आणि त्यातील ऐतिहासिक मोहिमा मी उघडूनही पाहिल्या नव्हत्या. आता २०१९ च्या नव्या आवृत्तीत मी एकटा त्या मोहिमाच खेळतो, २०२२ मध्ये भारतीय राजवटींचा जो भाग आला तो संपूर्ण खेळलो, आणि शत्रू तयार होत असताना शेते व तटबंदी नीट मांडण्यात माझा बराच वेळ जातो. खेळ तोच असताना मी त्याच्याकडून मागतो ते इतके कसे बदलले? हात मंदावले म्हणून, वेळ उरला नाही म्हणून, की माणसाची आवड वयाबरोबर आपोआप बदलते म्हणून?

अनुमान

आपण विचारलेल्या तीन कारणांपैकी पहिल्याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट २ या सैन्य उभारून वेगाने लढण्याच्या खेळाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे खेळाडू १६ ते ४४ या वयोगटातील होते. पडद्यावर नवे दृश्य समोर आल्यानंतर खेळाडू पहिली कृती करेपर्यंत जो वेळ जातो तो सुमारे २४ व्या वर्षापासून वाढू लागतो, असे त्यांना आढळले, आणि खेळाडू कसलेला असला म्हणून ही घसरण कमी होते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की वयाने मोठे खेळाडू सोप्या डावपेचांचा आणि कळफलकावरील सोयींचा अधिक चांगला वापर करून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतात. त्यामुळे वेग कमी होतो हे खरे असले तरी तेवढ्यावरून माणूस तो खेळ सोडेल असे म्हणता येत नाही. आपण स्वतः जिंकूनही दूर गेला आहात.

दुसरी बाजू प्रेरणेची आहे. क्वांटिक फाउंड्री ही संस्था खेळाडूंकडून प्रश्नावली भरून घेऊन ते कशासाठी खेळतात याचा अभ्यास करते. वयाबरोबर सर्वांत जास्त घटणारी प्रेरणा स्पर्धेची असते, असे त्यांच्या माहितीत आढळले. कुमारवयात ती सर्वाधिक असते आणि पुढे उतरत जाते. स्पर्धेच्या आवडीत तरुण मुलगे आणि मुली यांच्यात दिसणारा फरकही पंचेचाळिशीच्या सुमारास जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या अनुभवाशी हे बरेच जुळते.

येथे मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि या विषयावरच्या चर्चांमध्ये तीच बहुतेक वेळा सुटते. आज वीस वर्षांच्या आणि पन्नास वर्षांच्या माणसांची तुलना केली तर दिसणारा फरक वयाचा असेल किंवा पिढीचाही असेल. आजच्या पन्नाशीतल्या माणसाला विसाव्या वर्षी इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळण्याची सोय सहसा नव्हती. याच संस्थेने २०२४ मध्ये असे मांडले की २०१५ पासून खेळाडूंमधील डावपेच आखण्याची, लांबचा विचार करण्याची आवड एकूणच कमी होत गेली आहे. म्हणजे काळही आवड बदलत असतो. सिव्हिलायझेशनकडे आपण वयामुळे वळलात, की एज ऑफ एम्पायर्सवर वाढलेल्या पिढीतले म्हणून वळलात, हे एकट्या माणसाच्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही. तीच माणसे वीस वर्षे पुन्हा पुन्हा तपासली, तरच याचे खात्रीचे उत्तर मिळेल.

तिसरा_मजला

अनुमान यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यात घर आणि संसार कोठेच नाही, आणि माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तेथे आहे.

मी टोरांटोत राहते. नोकरी आहे, दोन लहान मुले आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर आवड अजिबात बदललेली नाही. माझ्या वेळेचे तुकडे पडले आहेत. एकूण वेळ कमी झाला यापेक्षा त्यातला कोणताही तुकडा शेवटपर्यंत माझा असेल याची खात्री उरली नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काउंटर-स्ट्राइकची एक मॅच म्हणजे दहा जणांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. पूर्वी सोळा फेऱ्या आधी जिंकणारा संघ विजयी होत असे, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तो आकडा तेरावर आणला आहे, तरीही अर्धा-पाऊण तास मध्ये उठता येत नाही. उठलात तर उरलेल्या चौघांचा खेळ बिघडतो आणि पुढच्या मॅचसाठी तुमच्यावर काही काळ बंदी येते. धाकट्याला ताप असताना असा शब्द मी कोणालाही देऊ शकत नाही, म्हणून मी तो देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटते की हिला आता शांत खेळ आवडू लागले.

खेळ थांबवता येतो की नाही, ही माझ्यासाठी पहिली अट झाली आहे. एल्डन रिंग या राक्षसांशी लढण्याच्या खेळाचे जग मला विलक्षण वाटले, परंतु एकट्याने खेळतानाही त्यात सरळ विराम घेता येत नाही, आणि मुलाने हाक मारली की माझे पात्र मरते. स्टारड्यू व्हॅली हा शेती करण्याचा खेळ सर्वत्र निवांतपणासाठी नावाजला जातो, पण त्यात दिवस संपून पात्र झोपले तरच प्रगती जतन होते. एक दिवस पंधरा मिनिटांच्या आत संपतो म्हणून ते चालून जाते, अन्यथा तोही माझ्या हातून सुटला असता. निन्टेन्डो स्विच हे हातात धरून खेळण्याचे यंत्र घेतल्यानंतर मी जितके खेळ पूर्ण केले तितके त्याआधीच्या काही वर्षांत मिळून केले नव्हते. एक बटण दाबले की यंत्र झोपते आणि उठवले की खेळ त्याच क्षणापासून पुढे सुरू होतो. जड, हिंसक, वेगवान असे खेळही मी त्यावर खेळले आणि ते मला पूर्वीइतकेच आवडले. म्हणूनच आवड बदलली हे निदान मला घाईचे वाटते. मोठ्या वयाच्या लोकांना सावकाश खेळ हवे असतात असे गृहीत धरून बनवणारे तसेच खेळ बनवतात. आम्हांला हवे असते ते कोणत्याही खेळात कोणत्याही क्षणी उठून जाण्याचे स्वातंत्र्य.

दहा_फ्रेम

मी अडतीस वर्षांचा असून टेकन या दोघांच्या मारामारीच्या खेळाचे टेकन ३ पासून टेकन ८ पर्यंत सर्व भाग खेळलो आहे आणि आजही रँकसाठी खेळतो. वेगाबद्दलचा एक गैरसमज दूर करावासा वाटतो. टेकन सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, या वेगाने चालतो. साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागात. तो पाहून मग अडवणे विशीतल्या खेळाडूलाही शक्य नसते. तो कधी येईल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज अनुभवाने सुधारतो. पायाशी येणारे संथ फटके पाहून अडवता येतात, आणि नेमके तेथेच मला आता उशीर होतो. म्हणून मी त्या अंतरावर उभाच राहत नाही. जपानचे दाइगो उमेहारा यांचा जन्म १९८१ चा आहे आणि ते अजूनही स्ट्रीट फायटर हा तशाच मारामारीचा खेळ व्यावसायिक पातळीवर खेळतात. लीग ऑफ लेजेंड्स या पाच-पाच जणांच्या संघांच्या खेळात २०२४ च्या जागतिक विजेतेपदाच्या वेळी दक्षिण कोरियाचा खेळाडू फेकर अठ्ठावीस वर्षांचा होता आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्या खेळात हे वय उताराचे मानले जाते.

आबोली६३

मी रत्नागिरीची, निवृत्त शिक्षिका. माझे वय त्रेसष्ट आहे. माझा अनुभव येथील सर्वांपेक्षा वेगळा असल्यामुळे लिहीत आहे. तरुणपणी मी कोणताही व्हिडिओ गेम खेळले नाही, त्यामुळे माझी आवड बदलण्याचा प्रश्नच येत नाही. ती थेट या वयातच तयार झाली.

तिसरा_मजला यांचे म्हणणे मला पटते, परंतु ते माझ्या वयाला पूर्णपणे लागू पडत नाही. मला आता भरपूर वेळ आहे आणि मध्येच हाक मारणारे कोणी नाही. तरीही भाच्याने दाखवलेले वेगवान गोळीबाराचे खेळ मला नको वाटले. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. अक्षरे इतकी बारीक असतात की चाळिशीचा चष्मा लावूनही वाचता येत नाहीत, आणि काय चालले आहे हे समजण्याआधीच ते संपलेले असते. अलीकडे काही मोठ्या खेळांत अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय असते असे भाचा सांगतो, आणि ती सर्वच खेळांत असावी असे मला मनापासून वाटते.

मात्र वयाबरोबर स्पर्धेची आवड जाते हे मी मान्य करणार नाही. टाळेबंदीच्या काळात मी लुडो किंग खेळू लागले. नवी मुंबईतील कंपनीचा हा खेळ त्या वेळी घरोघरी पोहोचला होता. सांगली, वडोदरा आणि रत्नागिरी अशा तीन ठिकाणी असलेल्या आम्ही बहिणी त्यावर रोज दुपारी खेळत असू, आणि अजूनही खेळतो. थोरल्या बहिणीची सोंगटी घराच्या दारातून परत पाठवण्यात मला जो आनंद होतो तो कोणत्याही तरुण खेळाडूच्या आनंदाहून कमी नाही. हाच खेळ अनोळखी माणसांशीही खेळता येतो, पण तो मला दोन डावांत कंटाळवाणा वाटला. समोर कोण हरते आहे हे ठाऊक नसेल तर जिंकण्यात मला तरी काही गोडी वाटत नाही. गोदाकाठ, आपण वसतिगृहात ज्यांच्याशी खेळत होता ते आता समोर नाहीत, हे आपल्या प्रश्नात आलेच नाही. आपण जिंकलात ते कोणाविरुद्ध?

गोदाकाठ

आबोलीताई, आपल्या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ विचार केला. मी जिंकलो ते चार अनोळखी सोबत्यांबरोबर, पाच अनोळखी प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. त्यांतील एकाचेही नाव मला आठवत नाही. वसतिगृहात हरलेला मित्र शेजारच्या खुर्चीवरून ओरडत असे आणि रात्री जेवताना त्या फेरीवर पुन्हा वाद होत असे. यातून स्पर्धेबद्दलचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते. एज ऑफ एम्पायर्सबद्दलचे मात्र मिळत नाही, कारण शेते आणि तटबंदी मांडण्यातला माझा आनंद एकट्याचा आहे आणि मित्र परत आले तरी तो जाईल असे मला वाटत नाही. पूर्वी जे गाव मी जिंकण्याचे साधन म्हणून उभारत होतो, ते आता उभे राहिलेले पाहणे हेच मला पुरेसे वाटते. हा बदल वेळेच्या तुकड्यांमुळे झाला असेल असेही नाही, कारण या मांडणीत उलट जास्त वेळ जातो. तो वयाचा आहे असे मी सध्या मानतो, आणि अनुमान यांनी दिलेला पिढीबद्दलचा इशाराही लक्षात ठेवतो.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. आम्हा जुन्या मित्रांपैकी दोघे आता परदेशात आहेत आणि सर्वांच्याच घरी लहान मुले आहेत. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये अनेकांनी मिळून सुरू केलेला डाव मध्येच जतन करून दुसऱ्या दिवशी पुढे खेळता येतो का?

तिसरा_मजला

होय, येतो. डाव जतन करावा आणि नंतर यजमान खेळाडूने तोच डाव पुन्हा उघडून त्याच सर्वांना बोलवावे. खासगी डावात विरामही घेता येतो, फक्त तो कोणीही आणि कारण न सांगता घेऊ शकेल हे आधीच ठरवून ठेवा. नव्या आवृत्तीत काही मोहिमा दोघांनी मिळून खेळण्याचीही सोय आहे. आपल्या तटबंदीच्या आवडीला ती अधिक मानवेल. वेळेतील फरकाचे गणित आधी मांडा. भारतातील रात्रीचे साडेनऊ म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात, त्यामुळे शनिवारच सोयीचा पडतो.