रात्रीच्या छायाचित्रांत दिव्यांभोवती किरणे आणि हिरवे ठिपके का येतात?

निशाचर:
ट्रायपॉडवर कॅमेरा लावून एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी लहान ठेवून, पुलाचे रात्रीचे छायाचित्र घेतले, तर प्रत्येक दिव्याभोवती १४ किरणांची चांदणी उमटते. तीच चौकट एफ/१.८ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडून, टिपली की किरणे नाहीशी होतात. फिकट हिरवे ठिपके मात्र दोन्ही वेळा आकाशाच्या काळ्या भागात दिसतात. हा लेन्सचा दोष समजावा काय?

कवडसा:
किरणांबद्दल निश्चिंत राहा. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे लेन्समधील पात्यांचे झाकण, लहान केले की त्याचे छिद्र बहुभुज होते आणि पात्याच्या प्रत्येक सरळ कडेपाशी विवर्तन (कडेजवळून जाताना प्रकाशाचे वळणे) होऊन प्रकाश त्या कडेच्या काटकोनात दोन्ही बाजूंना पसरतो. पाती सम असतील तर समोरासमोरच्या कडांचे किरण एकमेकांवर पडतात, म्हणून सहा पात्यांचे सहाच किरण दिसतात. विषम असतील तर ते दुप्पट होतात. तुमच्या लेन्सला सात पाती असणार. एफ/१.८ वर पाती पूर्ण मागे सरकून छिद्र गोल राहते, त्यामुळे चांदणी होत नाही. केवळ चांदणीसाठी एफ/१६ पर्यंत जाणे मला पटत नाही, कारण त्याच विवर्तनामुळे सगळे चित्र थोडे मऊ, म्हणजे कमी रेखीव, पडते; एफ/११ वर करून पाहा.

काचमणी:
ठिपके म्हणजे परावर्तन. कॅमेरा किंचित डावीकडे वळवा: दिवे चौकटीत उजवीकडे सरकतील आणि ठिपके उलट दिशेला. सेन्सरवरची धूळ असती, तर ती जागची हलली नसती. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो आणि त्यातला काही भाग आतल्या आत फिरून काळ्या छटा राखाडी करतो. १९३५ मध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक कोटिंग विकसित केले, ते याच अडचणीवर. उरलेल्या परावर्तनाला कोटिंगचा रंग येतो, म्हणून तुमचे ठिपके हिरवे. लेन्सपुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी सपाट काच, असेल तर आधी तो काढा, कारण सेन्सरवरून परतलेला प्रकाश त्यावर आपटून दिव्यांची उलटी प्रतिमा तयार करतो.

निशाचर:
फिल्टर होताच. तो काढल्यावर सर्वांत प्रखर दिव्याचा एक ठिपका तेवढा उरला आहे.

काचमणी:
तो लेन्सच्या आतल्या काचांमधला आहे. तो दिवा खांबाआड जाईल अशी जागा निवडा, नाहीतर ठिपका संपादनात पुसा; सपाट काळ्या आकाशात ते सहज जमते.