चंद्राची माती घरी कशी करायची? परवा हवी आहे, मदत!

घाईतली_आई:
लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. क्रशरवरून बसाल्टची काळी कच आणून ट्रेमध्ये पसरली, तर बाई म्हणाल्या, "रंग चुकलाय." चंद्रावर बसाल्टच आहे ना? मग चुकलं काय? पटकन सांगा.

खडकाळ:
चंद्रावर कुठे? काळे डाग दिसतात तिथे बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. उजळ भाग निराळा.

सह्याद्रीवेडा:
कच बिनधास्त वापरा. आपला दख्खनचा बसाल्ट तोच आहे. लोणारचं विवर बसाल्टातच आहे, चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला शास्त्रज्ञ तिथे येतात. मी दोनदा जाऊन आलोय.

खडकाळ:
तोच कसा? आपल्या खडकात पाणी मुरून त्याचा लाल मुरूम होतो. तिथे ना हवा ना वाहतं पाणी, असा गंजणार कसा?

सह्याद्रीवेडा:
शाळेच्या ट्रेला काय फरक पडतो?

खडकाळ:
बाईंना पडला ना!

दुर्बीणवाला:
कोजागरीला दुर्बीण लावू नका. पौर्णिमेला सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात. अष्टमीचा चंद्र बघा.

घाईतली_आई:
दुर्बिणीचं कोणी विचारलंय? मॉडेल चांद्रयान-३ चं आहे, लिहायचं राहिलं.

खडकाळ:
हे आधी सांगायचं ना! त्याचा लँडर विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला दक्षिणेकडच्या उजळ भागात उतरला. त्यातल्या प्रज्ञान या रोव्हरला (चाकांच्या गाडीला) तिथल्या मातीत अनॉर्थोसाइट या फिकट खडकाचा चुरा सापडला. सुरुवातीला चंद्राचा वरचा थर वितळलेला होता. जड खनिजं तळाशी बसली, फेल्डस्पार हे हलकं खनिज सायीसारखं वर तरंगलं, तेच हे कवच. १९६९ मध्ये अपोलो ११ ने काळ्या मैदानातून आणलेल्या मातीतही पांढरे कण होते, ही कल्पना त्यांवरूनच निघाली. इस्रोनेही चाचण्यांसाठी तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट भरडून माती केली होती.

घाईतली_आई:
परवापर्यंत तमिळनाडूला जाऊ?

खडकाळ:
नको. कच मैद्याच्या चाळणीने चाळा आणि वाटीभर कचेत तीन वाट्या पांढरी रांगोळी मिसळा. राखाडी रंग यायला हवा, पांढराफेक नको. बारीक असली की चाकाचा ठसा उमटतो.

सह्याद्रीवेडा:
म्हणजे कच लागलीच की!

घाईतली_आई:
घरात दिवाळीची गुलाबी रांगोळी उरलीय. चालेल का?