प्रतिसाद : साध्या फाइलीतून छापील पुस्तिका

वर विचारलंय की नोटपॅडमधल्या साध्या फाइलीतून वर्डशिवाय नीट छापता येईल का. येतं. गेल्या शिमग्याआधी आमच्या गुहागरकडच्या वाडीची आरत्यांची पुस्तिका मी तशीच केली. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा टाकून मांडणी सांगायची पद्धत), काम पॅनडॉककडे (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्रॅम).

पहिली ठेच फॉन्टची. पॅनडॉक पीडीएफसाठी मुळात पीडीएफलेटेक हे पानं जुळवणारं इंजिन वापरतो आणि त्याला देवनागरी झेपत नाही. त्याऐवजी इंजिन झीलेटेक करा आणि मुख्य फॉन्ट देवनागरीचा सांगा. मी आयआयटी मुंबईचा शोभिका घेतला. फुकट आहे आणि जोडाक्षरं सुरेख उमटतात.

दुसरी ठेच जास्त नडली. आरतीच्या ओळी वेगवेगळ्या लिहिल्या होत्या, पण कागदावर सगळ्या एकाच परिच्छेदात कोंबलेल्या! मार्कडाउनला नुसतं एंटर दिसतच नाही. प्रत्येक ओळीआधी उभी रेघ (|) आणि एक मोकळी जागा द्या, ओळी जागच्या जागी राहतात. हे कळेपर्यंत माझी अर्धी रात्र गेली, त्यात वीज दोनदा गेली. फाइल मात्र शाबूत. (वर्डने अशा वेळी दिलेले धक्के आठवतात.)

पुस्तिका ए-फोर कागद मधोमध दुमडून करणार असाल तर पानं चारच्या पटीत आणा, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. आमची दोन कोरी राहिली, तिथे काकांनी पालखीचा मार्ग छापायला लावला.

जुना मजकूर श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात) आणा. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ डोळ्यांत तेल घालून तपासा, रूपांतरात तिथेच घोळ होतो.