मदत हवी आहे : सर्फबोर्डाच्या कडेचा खळगा घरच्या घरी कसा भरायचा?

मिऱ्याचा_वारा

नमस्कार मंडळी,

मुक्काम पोस्ट रत्नागिरी. गोव्यात मांद्र्याला एका परदेशी पाहुण्याने मायदेशी परतताना विकायला काढलेला सर्फबोर्ड घेतलाय. साडेसात फुटी, बाहेरून कडक. शिकाऊ लोकांना देतात तो मऊ बोर्ड नव्हे. कुठल्या कंपनीचा ते कळत नाही, शिक्का पार पुसलाय.

परवा मिऱ्याला पाण्यातून बाहेर पडताना लाटेने बंधाऱ्याच्या दगडावर नेऊन आदळला. डाव्या कडेला, शेपटाकडून हातभर वर, अंगठ्याएवढा खळगा पडलाय आणि भोवती बारीक चिरा गेल्यात. दाबलं की आत जातं आणि एक-दोन थेंब पाणी बाहेर येतं. चाटून पाहिलं, खारट आहे. याशिवाय वरच्या बाजूला टाचा टेकतात तिथे उथळ खड्डे आहेत, ते आधीपासूनचे. आणि मधल्या फिनच्या (बोर्डाखालच्या पंखाच्या) मुळाशी केसाएवढी रेघ दिसते.

आमच्याकडे बोर्ड दुरुस्त करणारं कोणी नाही. मिरकरवाड्याला होड्यांना फायबर मारणारे एक ओळखीचे काका आहेत. त्यांनी बोर्ड बघितला आणि म्हणाले, "अरे, अख्खी होडी भरतो आम्ही, ह्या पाटाला काय लागतंय? उद्या आण, अर्ध्या तासात घेऊन जा." पैसेही नको म्हणतायत. घरून बाबांचं मत : एम-सील लाव आणि गप बस.

तर जाणकारांनी सांगावं :
काकांच्या हाती द्यावा का? एम-सील किंवा अराल्डाइट चालेल का? आत गेलेल्या पाण्याचं काय करू?

पाऊस आत्ताच ओसरलाय, हंगाम तोंडावर आहे, त्यामुळे जीव वरखाली होतोय. आगाऊ धन्यवाद.

वाचनमात्र_नाना

सर्फिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतोय. रत्नागिरीत सर्फिंग चालतं हेच आज कळलं.

जेलकोट

फायबरच्याच धंद्यात आहे (टाक्या आणि छपराचे पत्रे, होड्या नाहीत), म्हणून लिहितो.

काकांच्या हातावर शंका नाही. शंका आहे त्यांच्या डब्यातल्या रेझिनवर, म्हणजे फायबर ज्यात भिजवून घट्ट करतात त्या द्रवावर. होडीला आपल्याकडे सर्रास पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि त्यात स्टायरीन नावाचं द्रावक असतं. तुमच्या बोर्डाच्या पोटात थर्माकोल असेल, तर स्टायरीन त्याला खाऊन टाकणार. थर्माकोलच्या मखराला कधी ऑइल पेंट मारून पाहिलाय? अगदी तसंच. वरून छान भरल्यासारखं दिसेल आणि आत मुठीएवढी पोकळी होईल.

पोटात पॉलियुरेथेन फोम असेल तर मात्र पॉलिएस्टर बिनधास्त चालतं, असे बोर्ड मुळात त्यातच बनतात. म्हणजे सगळा प्रश्न आत काय आहे याचा आहे. खळग्यातून बॅटरी मारून बघा. साबुदाण्याएवढे गोल मणी दिसले तर थर्माकोल. सलग, बारीक आणि जुना असेल तर पिवळट पडलेला दिसला तर पॉलियुरेथेन. खात्री करायची तर सुटलेला कण टाचणीने काढा आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये टाका. रिमूव्हर अ‍ॅसिटोनवालं हवं, हल्ली बिनअ‍ॅसिटोनचंही मिळतं. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो, पॉलियुरेथेन तसाच राहतो. कण आधी कोरडा करून घ्या. आणि बाटली बोर्डापासून लांब ठेवा, हे सांगायला नको.

एम-सील नको. घट्ट होतं, पण जड आणि ठिसूळ. बोर्ड लाटेवर थोडा वाकतो, एम-सील वाकत नाही, मग कडेने नवी चीर जाते आणि ती दिसतही नाही. अराल्डाइट हा सावकाश सुकणारा इपॉक्सीच आहे, म्हणजे स्टायरीन नसलेलं दुसरं रेझिन, त्यामुळे केसाएवढ्या चिरेला चालून जाईल. उन्हात पिवळा पडतो आणि घासताना जीव काढतो. खळग्याला मात्र फायबरचं कापड लागणारच.

अवांतर : स्वतः पॉलिएस्टर कालवायची वेळ आली आणि दुकानदाराने कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारं) व हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत दिलं, तर ती दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर, तेही शेकडा एक-दोन. कारखान्यात हा धडा पहिल्या दिवशी देतात, घरी करणाऱ्याला कोणी देत नाही.

सिडनीची_सून

जेलकोट यांना अनुमोदन. इथे सिडनीत नवरा आणि मुलगा दोघेही पाण्यात पडलेले असतात, त्यामुळे आमच्या गॅरेजात बारमाही पॅच मारणं चालू असतं.

मिऱ्याचा वारा, आत पाणी आहे तोवर कशालाही हात लावू नकोस. ओल्यावर कापड चढवलंस तर पाणी आत कोंडतं, बोर्ड जड होतो आणि उन्हात तापला की वरची कातडी सुटून फुगा येतो. आधी गोड्या पाण्याने खळगा धू. आत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. मग खळगा सगळ्यात खाली येईल असा बोर्ड सावलीत, पंख्याखाली उभा कर. उन्हात अजिबात नाही, बंद गाडीत तर नाहीच नाही. काट्यावर रोज वजन कर. उतरायचं थांबलं की कोरडा झाला असं समज. थर्माकोलचा असेल तर कंटाळा येईपर्यंत वेळ लागतो, कारण पाणी मण्यांच्या मधल्या फटींतून लांबवर पसरतं.

वरच्या बाजूचे टाचांचे खड्डे विसरून जा. चीर नसेल तर ते नुसते दबलेले असतात, सगळ्यांच्या बोर्डांना असतात. बोट फिरवून कुठे धार लागते का तेवढं बघ.

इथे उन्हात सुकणाऱ्या रेझिनच्या ट्यूब मिळतात, काही मिनिटांत घट्ट होतात. त्यातही पॉलिएस्टर आणि इपॉक्सी असे दोन प्रकार आहेत, मुकाट्याने इपॉक्सीचीच घ्यायची. तुला पाठवली असती, पण असलं रेझिन विमानाच्या सामानात चालत नाही.

मिऱ्याचा_वारा

जेलकोट, ताई, मनापासून धन्यवाद! आईचं रिमूव्हर वापरलं. कण टाकला आणि बघता बघता चिकट थेंब झाला. म्हणजे थर्माकोल. काकांना दाखवलं तर ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "बरं झालं आणला नाहीस." इपॉक्सी तेच मागवून देतायत. कापडाऐवजी त्यांच्याकडची मॅट (फायबरच्या सुट्या धाग्यांची चटई) वापरू का? ती फुकट आहे.

जेलकोट

मॅट नको. तिच्यातले धागे ज्या चिकटवणीने धरलेले असतात ती स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही. त्यामुळे कडेच्या वळणावर मॅट बसत नाही, उभीच राहते. शिवाय रेझिन भरमसाट पिते. विणलेलं कापड घ्या, १३५ किंवा २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). बोर्डवाले ज्याला चार औंस आणि सहा औंस म्हणतात ते हेच. हातभर पुरे.

सिडनीची_सून

कोरडा झाल्यावर करायचं ते सांगते. भोवतीचं मेण जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढ, मेणावर काहीही चिकटत नाही. सुटलेले फायबरचे तुकडे कटरने काप. चांगलं घट्ट बसलेलं उपटत बसू नकोस. भोवती दोन बोटं ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत कर.

इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, छोट्या काट्यावर वजन करून. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायची सवय काकांना पॉलिएस्टरमुळे असेल, इपॉक्सीत तसं केलं तर ते कायमचं चिकट राहतं. खळगा भरायला त्यात मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) कालव, लोण्याएवढं घट्ट. खळगा खोल असेल तर एका दमात भरू नकोस. जाड थरात इपॉक्सी स्वतःच तापतं आणि ती उष्णता थर्माकोलला सोसत नाही. थोडं भर, सुकू दे, पुन्हा भर. पृष्ठभागाच्या किंचित खाली थांब.

मग कापडाचे दोन तुकडे, पहिला खळग्यापेक्षा जरा मोठा, दुसरा त्याहून बोटभर मोठा. ब्रशने दाबून हवा काढ. कापड पारदर्शक झालं की रेझिन पुरलं. पांढरे ठिपके दिसले तर तिथे हवा आहे. कड असल्यामुळे कापड वळणावरून उठेल, म्हणून वरून प्लास्टिकचा कागद ताणून चिकटपट्टीने बांध.

दुसऱ्या दिवशी घासण्याआधी साबणाच्या पाण्याने पूस. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते, ती पॉलिशपेपरमध्ये भरते. मग १२०, २२० आणि शेवटी ४०० चा वॉटर पेपर. कापडाची वीण दिसायला लागली की हात थांबव. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट हवाच. ती धूळ अंगाला लागली की रात्रभर खाजवत बसशील. आणि स्वयंपाकघरात नाही हं!

वाचनमात्र_नाना

सर्फबोर्ड घेण्याची शक्यता शून्य, तरी वाचनखूण साठवली आहे. गच्चीवरच्या टाकीला उपयोग होईल.

मिऱ्याचा_वारा

वजन अजून रोज थोडं थोडं उतरतंय, बोर्ड पडवीत उभा आहे. मायक्रोबलून रत्नागिरीत मिळाले नाहीत. काकांकडे एरोसिल आहे, ती पांढरी भुकटी. चालेल?

जेलकोट

चालेल, पण नुसत्या एरोसिलचं भरण दगडासारखं होतं आणि भोवतीच्या मऊ फोमवर घासताना उंचवटा राहतो. थांबण्याची तयारी असेल तर मुंबईहून मायक्रोबलून मागवा, तसाही बोर्ड सुकतोय. तोवर फिनच्या मुळाचा जवळून फोटो टाका. त्या रेघेतून पाणी आत जात असेल तर कड कितीही सुकवली तरी उपयोग नाही. फिनवर सगळा जोर येतो, तिथे नुसतं रेझिन ओतून भागत नाही.