जुन्या हॉलिवूडमधले चेहरा ओळखीचा पण नाव माहीत नसलेले कलाकार, तुम्हाला कोण आठवतं?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. आई गेला महिनाभर प्लास्टरमध्ये आहे, बाथरूममध्ये पाय घसरला. आम्ही नौपाड्यात राहतो, गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्याकडे मोजता येतात, आणि तिचा पलंग खिडकीलाच लावून दिलाय. म्हणून तिला मुद्दाम १९५४ चा 'रिअर विंडो' लावून दिला, त्यात पण हीरोचा पाय प्लास्टरमध्ये आणि समोर खिडक्याच खिडक्या. मला वाटलं ती ग्रेस केलीचे कपडे बघत बसेल, पण दहा मिनिटांत म्हणाली, ही नर्स कोण गं, ही तर अगदी आपल्या मालिशवाल्या मावशींसारखी बोलते, हात पाठीवर आणि तोंड जगावर.

मग मी पण तिच्याकडेच बघायला लागले. हीरो नाश्ता करतोय आणि ही शांतपणे, समोरच्याने बायकोला कुठे कापलं असेल याचा हिशोब मांडतेय, त्याचा घास हातातच राहतो. तिला ना लव्हस्टोरी ना क्लोजअप, तरी ती खोलीत आली की ते घर खरं वाटायला लागतं. नाव शोधलं तर थेल्मा रिटर. मी हा पिक्चर आधी तीनदा पाहिलाय आणि नाव मला माहीत नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं.

तर विचारायचं होतं की अशी माणसं अजून कोण आहेत आणि कुठल्या पिक्चरपासून सुरुवात करू? आईचं प्लास्टर निघायला अजून पंधरा दिवस आहेत.

नेरूळ_पूर्व

ताई, थेल्मा रिटरपासून सुरुवात झाली म्हणजे एकदम योग्य दारातून आत आलात. ब्रुकलिनची बाई, पडद्यावर पहिल्यांदा आली १९४७ च्या 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' मध्ये, मुलासाठी खेळणं शोधून दमलेली एक आई, श्रेयनामावलीत नाव सुद्धा नाही. तेव्हा वय चाळिशी ओलांडलेलं. त्यानंतर सहाय्यक अभिनेत्रीसाठी ऑस्करची सहा नामांकनं, त्यातली चार तर १९५० ते १९५३ या ओळीने चार वर्षांच्या पिक्चरसाठी, आणि एकदाही मिळालं नाही.

'ऑल अबाउट ईव्ह' मध्ये बेटी डेव्हिस नाटकातली मोठी नटी आणि ती तिची ड्रेसर, म्हणजे कपडेपट सांभाळणारी. ईव्ह नावाची नवी गोड मुलगी सगळ्यांना आवडते आणि फक्त हिला संशय येतो. बोलते फार कमी, नुसती बघते, पण दुसऱ्यांदा पिक्चर बघाल तेव्हा तिचं ते बघणंच लक्षात राहील.

आणि प्लीज 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' बघाच, १९५३ चा. त्यात ती टाय विकते आणि पोलिसांना खबरा पुरवते, मिळालेला पैसा साठवते तो स्वतःच्या अंत्यविधीसाठी, कारण बेवारस म्हणून पुरलं जायची तिला भीती वाटते. शेवटी एक माणूस बंदूक घेऊन तिच्या खोलीत येतो, रेकॉर्ड लागलेली असते, आणि ही पलंगावर बसून आपण किती दमलोय ते त्याला सांगते. ना रडारड ना विनवण्या. मी दिवसभर नोकरी करून रात्री लोकलने घरी येणाऱ्या बायकांचे चेहरे रोज बघतो, तो थकवा मी सिनेमात इतका खरा दुसरीकडे कुठेच बघितला नाही.

गडकरीकट्टा

धागा छान काढलात. मी तीसेक वर्षं ठाण्यात हौशी नाटकं केली, राज्य नाट्य स्पर्धेत पण उतरलो, कायम पोस्टमन, हवालदार, शेजारी. तर अनुभवाने सांगतो, एका एन्ट्रीचं काम सगळ्यात अवघड. नायकाला तीन अंक असतात, पहिल्यात चुकला तर दुसऱ्यात सावरतो. तुम्हाला विंगेतून थेट त्या प्रसंगाच्या तापमानात शिरायचं असतं आणि दोन मिनिटांत तुमचं अख्खं आयुष्य लोकांना दिसायला पाहिजे, तेही नायकावरचं लक्ष न हलवता.

हे पडद्यावर बघायचं असेल तर 'कॅसाब्लांका' (१९४२) परत लावा आणि या वेळी बोगार्ट आणि बर्गमन सोडून बाकीच्यांकडेच बघा. रिकच्या, म्हणजे बोगार्टच्या, कॅफेतला तो गुबगुबीत हेडवेटर कार्ल म्हणजे बुडापेस्टचा एस. झेड. सकाल. अमेरिकेला निघालेलं ते म्हातारं जोडपं मोडकंतोडकं इंग्लिश बोलून दाखवतं आणि कार्ल त्यांना अगदी कौतुकाने शाबासकी देतो, तो प्रसंग आठवतोय? आपण हसतो तिथे. पण ते जोडपं झालेले लुडविग स्टोसेल आणि इल्का ग्रुनिंग दोघेही नाझींमुळे युरोप सोडून आलेले, आणि सकालच्या बहिणी छळछावण्यांमध्ये गेल्या. हे कळल्यावर मला तो प्रसंग हसत बघता येत नाही, म्हणजे हसू येतं पण घसा दाटतो.

कॅफेत जुगाराच्या टेबलावरचा एमिल, जो पोलीसप्रमुखाला त्याने जिंकलेले पैसे आणून देतो, तो मार्सेल दालिओ. फ्रान्समध्ये हा माणूस मोठा नट होता, तिथला दिग्दर्शक रेन्वारच्या पिक्चरमध्ये मुख्य कामं केलेला. ज्यू म्हणून पॅरिस सोडून लिस्बनमार्गे पळाला आणि मागे नाझींनी त्याचाच फोटो ज्यू कसा दिसतो ते दाखवायला पोस्टरवर छापला. असा नट हॉलिवूडमध्ये येऊन चार वाक्यांचं काम करतोय, आणि पिक्चरची गोष्ट कसली, तर लिस्बनला जायच्या कागदांची! फ्रेंच राष्ट्रगीताच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आणून गाणारी ती मुलगी मॅडलीन लबो, ही तेव्हा दालिओचीच बायको, त्याच्याबरोबर पळून आलेली. अलीकडे २०१६ साली वारली. आणि नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः जर्मनी सोडून आलेला, कारण त्याची बायको ज्यू. असं सगळं त्या एका कॅफेत बसलेलं आहे.

वाशी_लोकल

थोडं वेगळं मत मांडते. अशा कलाकारांना आपण 'दुर्लक्षित' म्हणतो, पण तो शब्द सगळ्यांना सरसकट लागू होत नाही. वॉल्टर ब्रेननला सहाय्यक अभिनेत्याची तीन ऑस्कर मिळाली, १९३६, १९३८ आणि १९४० च्या पिक्चरसाठी. स्टुडिओ अशा नटांना करारावर ठेवायचे, त्यामुळे काम सतत असायचं. थॉमस मिचेलचं १९३९ हे एकच वर्ष घ्या, 'स्टेजकोच', 'गॉन विथ द विंड', 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्स' आणि 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम', असे पाच. 'स्टेजकोच' मधल्या दारुड्या डॉक्टरसाठी ऑस्कर पण मिळालं. बाळंतपण करायची वेळ येते तेव्हा तो कॉफीवर कॉफी रिचवून शुद्धीवर येतो, ते त्याचे हात बघा.

खरं दुर्लक्ष कुणाचं झालं हे बघायचं तर हॅटी मॅकडॅनिएल. 'गॉन विथ द विंड' साठी ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि २९ फेब्रुवारी १९४० च्या त्या समारंभात तिला बाकी टीमपासून लांब वेगळ्या टेबलावर बसवलं. त्यानंतरही कामं बहुतेक मोलकरणीचीच. त्यामुळे छोट्या भूमिकेत किती जीव ओतला म्हणून कौतुक करताना ती छोटीच का दिली हे पण विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तलावपाळी

@वाशी_लोकल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू. आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की बक्षीस द्यायचं आणि पंगतीला वेगळं बसवायचं, हे आपल्याकडे पण झालंय की.

घणसोली_घर

१९५७ चा '१२ अँग्री मेन' राहिला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आधी बासु चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' पाहिलेला असतो, पण मूळ बघाच, खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेले बारा ज्युरी, एका खोलीत एकाहून एक नट भरलेत, ली जे. कॉब, मार्टिन बाल्सम, जॅक क्लगमन. माझा सगळ्यात आवडता नऊ नंबरचा म्हातारा, जोसेफ स्वीनी. १९५४ च्या टीव्ही नाटकात पण हे काम त्यानेच केलं होतं. आरोपीला दोषी ठरवायला एकटा हेन्री फोंडा तयार नसतो, त्याच्या बाजूने सगळ्यात आधी तोच वळतो. नंतर साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते हे पण त्याच्याच लक्षात येतं. मला ते पटतं कारण आख्ख्या पिक्चरभर तो बाकीच्यांकडे बघत, ऐकत बसलेला आपण पाहिलेला असतो.

तलावपाळी

काल रात्री 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' पाहिला. @नेरूळ_पूर्व तुम्ही म्हणालात तो प्रसंग आईने परत लावायला सांगितला आणि दुसऱ्या वेळेला आवाज बंद करून पाहिला, मला फक्त तिचा चेहरा बघायचाय म्हणाली. नंतर वहीत नाव लिहून घेतलं, थेल्मा रिटर, आणि खाली जागा सोडून एस. झेड. सकाल. आज संध्याकाळी 'कॅसाब्लांका'. सकाल अजून कशात आहे ते कुणीतरी सांगा, आईने विचारलंय.